जुनी पद्मिनी पहिल्या गिअरला थरथरते? क्लच प्लेट बदलण्याआधी 'हे' तपासा!

शहाडचा उड्डाणपूल. संध्याकाळची वेळ, पुढे गाड्यांची लांबच लांब रांग. चढावर थांबलेली तुमची प्रीमियर पद्मिनी तुम्ही पहिल्या गिअरमध्ये टाकता, हळूच क्लच सोडता आणि गाडी अंगात आल्यासारखी थरथरायला लागते. डॅशबोर्ड खडखडतो, मागच्या सीटवरची मंडळी एकमेकांकडे बघतात. दोन सेकंदांत क्लच पूर्ण सुटतो आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागते.

गॅरेजमध्ये गेलात की उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "क्लच प्लेट गेली." मग गिअरबॉक्स उतरतो, नवी प्लेट बसते, खिसा हलका होतो. आणि काही दिवसांनी तीच थरथर परत येते!

असं का होतं? कारण थरथर हा आजार नाही, ते लक्षण आहे. तापाचं कारण न शोधता गोळी घेतली, तर ताप परत येणारच ना?

आधी थोडं पद्मिनीबद्दल

ही गाडी आपल्या जवळचीच. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६०च्या दशकात ती फियाट ११०० डिलाइट म्हणून बनायची. पुढे १९७०च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर आणि जोर मागच्या चाकांना, असा तिचा साधा मामला. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. पण खासगी पद्मिनी आजही अनेकांनी जिवापाड जपल्या आहेत.

अडचण एवढीच की गाडीचं उत्पादन कधीच थांबलंय. सुटे भाग शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारखा जुना बाजार पालथा घालावा लागतो. म्हणूनच चांगला जुना भाग विनाकारण काढून टाकणं महागात पडतं.

थरथर नेमकी होते कशी?

इंजिनला जोडलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्यावर क्लच प्लेट दाबून धरते ती प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की पकड सुटते, पेडल सोडलं की प्लेट हळूहळू घासत फ्लायव्हीलला चिकटते.

आता शाळेतला फळा आठवा. खडू उभा धरून ओढला की तो टकटक उड्या मारायचा आणि सरळ रेघेऐवजी ठिपके उमटायचे. क्लचमध्येही तेच होतं. प्लेट क्षणभर पकडते, सुटते, पुन्हा पकडते. सेकंदात हे अनेकदा घडतं आणि सगळी गाडी हलते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लेट नुसती झिजली असेल तर ती बहुधा घसरते. म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. थरथर म्हणजे पकड एकसारखी नाही, किंवा पकडीचा धक्का सोसणारं काहीतरी ढिलं झालंय.

गिअरबॉक्स उतरवण्याआधीच्या पाच तपासण्या

१. थरथर कधी होते? फक्त हाफ क्लचवर होत असेल, तर शोध क्लच आणि त्याच्या आसपास घ्या. क्लच पूर्ण सुटल्यावरही, वेग वाढला तरी होत असेल, तर प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस तपासा. आणि पेडल दाबल्यावर घरघर ऐकू येत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर.

२. इंजिन तरी नीट चालतंय का? एखादा प्लग मिस होत असेल, पॉइंटमधली फट चुकली असेल किंवा कार्बुरेटर घाण झाला असेल, तर इंजिन कमी वेगात झटके देतं. गाडी उचलताना ते झटके क्लचचेच वाटतात. ट्यूनिंग करून घेणं हे गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त!

३. माउंटिंग पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. वर्षानुवर्षं तेल आणि उष्णता खाऊन हे रबर फाटतं. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि बॉनेट उघडा. जाणकार माणसाला स्टेअरिंगवर बसवून क्लच किंचितच सोडायला सांगा. तुम्ही मात्र बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे किंवा मागे अजिबात नाही. इंजिन उडी मारल्यासारखं हललं, तर चोर सापडला. पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला ताण उलट दिशांनी येतो. त्यामुळे थरथर एकाच दिशेला जास्त असेल, तर माउंटिंग आणि मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आधी बघा.

४. खाली तेल पडतंय का? रात्री इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. तिथे डाग दिसला, तर इंजिनच्या मागच्या बाजूने किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गळती असू शकते. गिअर ऑइल जास्त दाट असतं आणि त्याला उग्र वास येतो. तेल प्लेटवर गेलं की पकड बिघडते. गळती न थांबवता नवी प्लेट टाकली, तर तीही तेल पिणार!

५. पाऊस झाला होता का? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा पावसाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको. जुलै २०१९मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आठवतंय ना? अशा हवेत काही दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी दोन-चार वेळा थरथर होते आणि मग थांबते. एवढंच असेल तर खर्च करू नका, गाडी नियमित चालवा. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर मात्र ती उघडून बघावीच लागेल.

उघडायचीच वेळ आली तर?

वरचं सगळं ठीक असूनही थरथर राहिली, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्या वेळी फक्त प्लेट बदलून परत येऊ नका. फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का, हे स्वतः बघा. असे डाग म्हणजे जास्त तापल्याची खूण. पृष्ठभाग खराब असेल, तर लेथवर फेस मारून घ्या. प्रेशर प्लेटची बोटं एका पातळीत आहेत का, प्लेटच्या स्प्रिंग ढिल्या झाल्यात का, हेही तपासा. तेलाची गळती असेल, तर सील त्याच वेळी बदला.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जायचं. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. त्यामुळे ती एअर प्रेशर मारून उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा.

आणि आपली सवय?

चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं आपल्याला कौशल्याचं वाटतं. पण त्या प्रत्येक क्षणी प्लेट आणि फ्लायव्हील घासून तापत असतात. शहाडचा पूल असो की बदलापूरचा, रांगेत थांबलात की गिअर न्यूट्रलला टाका आणि हँडब्रेक ओढा. पुढची गाडी हलली की मगच क्लचला हात घाला, म्हणजे पाय!

पुढच्या वेळी कुणी "प्लेट गेली" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा, "कशामुळे गेली?" उत्तर मिळेपर्यंत गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. आणि ओळखीत कुणी जुनी पद्मिनी जपत असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.