युद्धपट आणि इतिहासाचे ऋण

या अंकासाठी मी खरे तर एक कथा लिहिली होती. ‘बॉर्डर’ (१९९७) हा चित्रपट पाहून भारावलो आणि एका रात्रीत ती लिहून काढली. लोंगेवालाच्या रणात धारातीर्थी पडणारा सीमा सुरक्षा दलाचा भैरोंसिंग हा तिचा नायक. कथा देण्यापूर्वी तपशील पडताळू लागलो आणि ओशाळलो. खरे भैरोंसिंग राठोड त्या लढाईत कामी आलेच नव्हते! चित्रपट झळकला तेव्हा ते हयात होते. त्यांचे निधन झाले ते डिसेंबर २०२२ मध्ये, जोधपूरला.

मग युद्धपटाला इतिहास म्हणावे की कल्पित? माझ्या मते ती पडद्यावरची ऐतिहासिक कादंबरीच होय. तिचा सांगाडा खरा असतो. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, त्यांचे सुमारे १२० जवान आणि समोर रणगाड्यांचा ताफा, हे सारे खरे. आपल्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून उजाडेपर्यंत तग धरणे भाग होते. पहाटे जैसलमेरहून विमाने आली आणि उघड्या वाळवंटात रणगाडे टिपले गेले, हेही खरे.

परंतु पडद्यावर वीरामागून वीर पडतात. प्रत्यक्षात आपले दोन जवान कामी आले. काटेरी तारा पाहून पुढे सुरुंग असतील या शंकेने शत्रू थबकला, हाही त्या रात्रीचाच एक भाग. लेखकाला याहून अधिक नाट्य कोणते हवे?

आपल्या शेजारच्या कोवाडचे रणजित देसाई यांनी ‘स्वामी’ (१९६२) लिहिली. माधवराव-रमाबाईंचे एकांतातील बोलणे कोणी टिपून ठेवले नव्हते. ते देसाईंनी कल्पिले. इतिहास जेथे मुका असतो तेथे लेखकाने जरूर बोलावे. पण इतिहास स्पष्ट बोलत असताना त्याच्या तोंडी भलतेच घालू नये. घटना बदलायची तर निदान नाव बदलावे. चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’ने (१९६४) हेच केले: १९६२ चे लडाखमधील युद्ध खरे, माणसे मात्र कल्पित.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. १९७१ मध्ये ते पूर्व आघाडीवर होते. मी विचारले, “आजोबा, सिनेमात दाखवतात तसंच असतं काय हो?”

ते हसले. “लढाई थोडी रे बाळा. वाट बघणंच जास्ती. हुकमाची, उजाडायची, घरच्या पत्राची. पत्राचं तेवढं त्यांनी बरोबर दाखवलंय बघ.”

मित्रहो, आपले बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. भोवतालच्या खेड्यांतून असे कितीतरी आजोबा कट्ट्यावर बसलेले आढळतील. युद्धपटाने लिहिण्याची उमेद जरूर द्यावी. पण तिकिटाचे पैसे फिटले म्हणून इतिहासाचे ऋण फिटत नाही. ते फेडण्यासाठी त्या कट्ट्यावर जाऊन बसावे लागते.

माझी कथा मी परत घेतली आहे. ती पुन्हा लिहीत आहे, नायकाला नवे नाव देऊन. या खेपेस तो मरत नाही. खंदकात बसून उजाडण्याची वाट पाहतो.