एस्टीमच्या पोटात काय बसतंय?

सकाळी 9
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या गॅरेजचं शटर वर गेलं की आधी फीत आणि व्हर्नियर बाहेर निघतात, पाने नंतर. रॅम्पवर मारुती एस्टीम आहे, 1298 सीसीची, 16 व्हॉल्व्ह, 85 बीएचपी. इंजिन थकलंय, ते काल उतरवलं. मालक तरुण आहे, गाडी ऑटोक्रॉसला पळवतो. त्याला आता मोठं इंजिन हवंय.

साडेनऊ
कोपऱ्यात जुन्या बलेनोचं 1590 सीसीचं इंजिन पडलंय. कनेक्टिंग रॉडनं ब्लॉक फोडला म्हणून ते निकामी, पण मापं घ्यायला एकदम बेस. चेनब्लॉकला लावून ते एस्टीममध्ये उतरवलं. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी कुळातली, त्यामुळे एस्टीमच्या गिअरबॉक्सचे बोल्ट सरळ बसतात. अडचण उंचीची आहे. बोअर 74 चा 75 झाला, एवढाच फरक. पण स्ट्रोक 75.5 वरून 90 मिलिमीटरवर गेला, म्हणून ब्लॉकच उंच. हाताखालच्या पोरानं हेडवर आणि इनटेकवर शाडूचे गोळे चिकटवले, बॉनेट हळूच मिटलं, परत उघडलं. इनटेकवरचा गोळा चपटा होऊन पापडाएवढा उरला होता. इंजिन पळताना माउंटिंगवर हलतं, तेव्हा एवढी फट पुरत नाही. उजव्या बाजूचं ब्रॅकेट नवं करून इंजिन थोडं खाली घ्यावं लागणार. पण खाली घेताना ऑइल चेंबर जमिनीला किती जवळ येतो, तेही मोजलं. ऑटोक्रॉसच्या मातीत दगड असतात.

साडेअकरा
मालक आला.
"मामा, होंडा सिटीचं व्हीटेक टाकूया की. 106 बीएचपी हाय. बलेनोचं 94च."
"टाकूया की. पण गिअरबॉक्स कुठं ठेवतोस?"
सिटीचं ते दीड लिटरचं इंजिन फार गोड आहे, वर फिरवत नेलं की अंगावर काटा येतो. पण ते उलटं फिरतं आणि त्याचा गिअरबॉक्स उजव्या अंगाला येतो, एस्टीमचा डाव्या. म्हणजे माउंटिंग, ॲक्सल, गिअरचं लिंकेज, वायरिंग सगळं नव्यानं. त्या पैशात चांगले टायर, डँपर आणि सीट येतात.
"मग नऊ बीएचपीसाठी एवढा खटाटोप?"
नऊसाठी नव्हे. बलेनोचा टॉर्क 130 न्यूटन मीटरच्या आसपास, आणि तो खालच्या आरपीएमलाच मिळतो. कोनाला वळसा घालून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडीला ओढ हवी असते, तिथं हे इंजिन कामाला येतं. एस्टीम हलकी, 900 किलोच्या आतली. तिला हे शोभतं. फक्त शर्यतीत गट सीसीवर पडतात, म्हणून 1300 वाल्यांच्यात आता उभं राहता येणार नाही. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

दुपारी 2
मागून ठोकलेली एक बलेनो बघायला गेलो. सुटं इंजिन मी घेत नाही. चालू गाडीतलं घेतो. हार्नेस, ईसीएम, सेन्सर, रेडिएटर सगळं एकाच गाडीतलं मिळतं आणि इंजिन गरम करून तपासता येतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती. चारही प्लग काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. कॉम्प्रेशन 185, 180, 182, 165. नव्याला 199 पीएसआय, 171 च्या खाली चालत नाही, आणि सिलिंडरांत 14 पेक्षा जास्त फरक नको. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं, काटा 180 वर चढला. म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, रिंगा. इंजिन खोलावं लागणार. तेवढे पैसे भावातून कमी करून घेतले.

साडेचार
लेथवाल्या अण्णांकडं ब्रॅकेटचं पुठ्ठ्याचं माप दिलं.

सात
मालकाला शेवटचं सांगितलं, आणि यात मी तडजोड करत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सुप्रीम कोर्टाचा 2019 चा निकाल बघता ही गाडी यापुढे रस्त्यावर चालवायची नाही, मैदानावर ट्रेलरनं न्यायची. जुनं 1300 चं इंजिन नंबरासकट जपून ठेवायचं. तो कबूल झाला. उद्या सकाळी आधी ब्रेक उघडतोय. इंजिनाला हात त्यानंतर.