कोबेचा चढ आणि इंजिनाचे ‘मिसिंग’: जुन्या गाडीचे निदान कसे करावे

कोबेमध्ये वाट सांगताना उत्तर-दक्षिण म्हणण्याची फारशी गरज पडत नाही. डोंगराकडची बाजू म्हणजे ‘यामागावा’ आणि समुद्राकडची बाजू म्हणजे ‘उमिगावा’, एवढ्यावर काम भागते. ९३१ मीटर उंचीचा रोक्को पर्वत आणि ओसाकाचा उपसागर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे शहर वसलेले आहे. त्यामुळे बंदराजवळच्या सपाट रस्त्यावर निमूट धावणारी जुनी गाडी कितानोचा चढ किंवा रोक्कोचा घाट लागताच झटके देऊ लागते. सिग्नलला थांबल्यावर स्टिअरिंग थरथरते, पिकअप गेल्यासारखा वाटतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पुण्या-मुंबईच्या गॅरेजात या दुखण्याला ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. जपानी गॅरेजात ‘मिसुफाइया’ हा शब्द चालतो. तांत्रिक लेखनात त्यालाच ‘शिक्का’ म्हणतात. मराठी माणसाच्या तो सहज लक्षात राहावा.

कामानिमित्त काही वर्षांसाठी जपानमध्ये आलेली कुटुंबे बहुधा जुनी गाडी पसंत करतात. अशा गाडीला मिसिंग लागले की मालकाकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. चालते आहे तोवर चालवू, असे म्हणून दुर्लक्ष करणे ही पहिली. इंजिनच गेले असे समजून गाडी मोडीत काढणे ही दुसरी. पहिलीत किरकोळ दुरुस्तीचे मोठ्या खर्चात रूपांतर होते, तर दुसरीत एखाद्या सुट्या भागासाठी धडधाकट गाडी गमावली जाते. या दोन्हींपासून वाचवणारी गोष्ट म्हणजे क्रमाने केलेले निदान.

नेमके काय बिघडते

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ३७५ वेळा, म्हणजे एकूण १,५०० वेळा ज्वलन व्हावे लागते. त्यांतले काही हुकले की इंजिनाची लय मोडते आणि ती थरथर आसनापर्यंत पोहोचते. ज्वलनासाठी योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी आणि पुरेसा दाब या गोष्टी लागतात. मिसिंगचे कारण यांपैकीच कशात तरी असते.

न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तेथे जळते. त्या उष्णतेने कन्व्हर्टरमधली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. म्हणूनच अनेक गाड्यांत पिवळा दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकू लागला, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबणे आणि पुढे न चालवणे हेच योग्य. अशा वेळी जपान ऑटोमोबाइल फेडरेशनची, म्हणजेच ‘जाफ’ची, रस्त्यावरची मदत मोबाइलवरून #८१३९ या क्रमांकावर मागवता येते.

दोष केव्हा प्रकट होतो?

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, निरीक्षणाने होते. त्रास थंड इंजिनाला होतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, कोरड्या हवेत की पावसात, याची नोंद घेऊनच गॅरेजात जावे.

त्रास चढावर वाढत असेल, तर पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. चढ चढताना ॲक्सिलरेटर दाबला जातो, सिलिंडरमध्ये अधिक हवा शिरते आणि ठिणगी पडण्याच्या क्षणी आतला दाब वाढलेला असतो. दाब जितका जास्त, तितका प्लगच्या दोन टोकांमधले अंतर ओलांडण्यासाठी लागणारा व्होल्टेज जास्त. झिजलेल्या प्लगमध्ये हे अंतर वाढलेले असते. थकलेली इग्निशन कॉइल सपाटीवर कशीबशी निभावते; चढावर मात्र तिची वीज प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडण्याऐवजी तडकलेल्या रबरातून बाहेर निसटते. जून-जुलैच्या ‘त्सुयु’ म्हणजे पावसाळी दिवसांत ओलाव्यामुळे ही गळती आणखी सोपी होते. कोबेच्या चढावर दिसणारे पुष्कळसे मिसिंग असे समजून घेता येते.

उलट, उभ्या गाडीत थरथर आणि वेग घेताच सारे सुरळीत, असे असेल तर इनटेक मॅनिफोल्डजवळच्या तडकलेल्या रबरी नळीतून जादा हवा शिरत असण्याची शक्यता मोठी. उभ्या गाडीत इंजिन थोडीच हवा घेत असल्याने ही गळती जाणवते. वेगात ती एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. जोर लावताच सर्वच सिलिंडर दुबळे पडत असतील, तर पेट्रोलचा पंप व फिल्टर तपासावा.

कोणता सिलिंडर?

जुन्या फियाटचे मिस्त्री चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून पाहत. ज्या वायरीने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला, हे त्यांचे तर्कशास्त्र आजही खरे आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत मात्र तसे करू नये. तेथील वीज हजारो व्होल्टची असते आणि इलेक्ट्रॉनिक्स बिघडण्याचाही धोका असतो.

अशा गाडीत हे काम संगणक करतो. क्रँकशाफ्टचा सेन्सर प्रत्येक ज्वलनानंतरचा वेग मोजतो आणि कोणत्या सिलिंडरच्या पाळीला वेग मंदावला ते नोंदवतो. स्कॅनर जोडल्यावर पी०३०१ हा कोड दिसला तर पहिला सिलिंडर दोषी, पी०३०२ दिसला तर दुसरा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठराविक सिलिंडरपुरते नाही. जपानी बाजारातल्या साधारण २००८ पूर्वीच्या गाड्यांशी बाजारातले स्वस्त स्कॅनर जुळतीलच असे नाही. त्यांच्यासाठी गॅरेजातले उपकरण लागते.

कोड सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. कारण शोधण्याची सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे अदलाबदल. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. समजा दोष दुसऱ्या सिलिंडरवर आहे. तर त्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवून पाहावी. आता पी०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. पी०३०२ कायम राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची आणि त्यानंतर इंजेक्टरची अशीच परीक्षा घ्यावी. एका वेळी एकच भाग हलवावा. दोन भाग एकदम बदलले तर गाडी सुधारूनही कारण कळत नाही.

प्लगची साक्ष

काढलेला प्लग पुष्कळ काही सांगतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे बहुधा ठिणगीच पडत नाही. टोकाशी तेलकट थर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत येते. पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ म्हणजे वीज बाहेरून निसटल्याची खूण. प्लगच्या विहिरीतच ऑइल साचले असेल, तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेलेले असते. ते न बदलता नवी कॉइल बसवली, तर तिचे रबरही त्याच ऑइलमध्ये खराब होते. साधे प्लग साधारण २०,००० किलोमीटर आणि लांब आयुष्याचे इरिडियम प्लग १,००,००० किलोमीटरपर्यंत चालतात. ६६० सीसीच्या ‘केई’ गाड्यांत इंजिन अधिक फेऱ्यांवर चालत असल्याने ही मुदत जवळजवळ निम्मी धरावी.

ठिणगी आणि इंजेक्टर ठीक असूनही तोच सिलिंडर मृत राहिला, तर कम्प्रेशन मोजणे हा निर्णायक टप्पा. दाब कमी असेल, तर सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालून पुन्हा मोजतात. आता दाब वाढला तर रिंग झिजल्या. न वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये. शेजारच्या दोन्ही सिलिंडरचा दाब एकदम पडला असेल, तर गॅस्केटवर संशय दाट होतो.

शाकेनच्या आधी

खासगी गाडीला जपानमध्ये नोंदणीनंतर पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ तपासणी करावी लागते. कोबेतले तपासणी केंद्र हिगाशिनादा विभागात, उओझाकिहामा येथे आहे. तेथे उभ्या गाडीचा धूर मोजला जातो. १९९८ च्या व त्यापुढील निकषांच्या सामान्य गाडीत हायड्रोकार्बन ३०० पीपीएमच्या आत आणि कार्बन मोनॉक्साइड १ टक्क्याच्या आत असावा लागतो. केई गाड्यांसाठी या मर्यादा ५०० पीपीएम आणि २ टक्के अशा आहेत. न जळलेले पेट्रोल म्हणजेच हायड्रोकार्बन. त्यामुळे मिसिंग मारणारी गाडी येथे अडकू शकते. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली गाडीही उत्तीर्ण होत नाही. दिवा फक्त पुसून नेणे हा उपाय नव्हे. ज्वलन हुकत राहिले की तो पुन्हा लागतो.

पेट्रोल गाडी १३ वर्षांची झाली की तिच्यावरचा कर वाढतो, म्हणून ‘दुरुस्ती की निरोप’ हा प्रश्न नेमका याच वयात उभा राहतो. त्याचे उत्तर निदानावर सोडावे. दोष प्लग, कॉइल, नळी किंवा पॅकिंगचा निघाला, तर गाडी ठेवण्यात शहाणपण आहे. कम्प्रेशन गेले असेल किंवा कन्व्हर्टर वितळला असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि उरलेला मुक्काम यांचा हिशेब मांडावा. गॅरेजात ‘शिंदान’ म्हणजे निदान आधी मागावे आणि ‘मित्सुमोरी’ म्हणजे खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. कोणत्या सिलिंडरचा कोड आला आणि अदलाबदल करून पाहिली का, हे दोन प्रश्न विचारले की पुढचे संभाषण अंदाजावरून पुराव्यावर येते.