नागरवाड्यातून ओपीडीपर्यंत
बडोद्यातल्या नागरवाड्यात मी शिकवण्या घेते. दहावीतली एक मुलगी रोज पोटात दुखतं म्हणायची; तपासण्या साऱ्या ठीक. तिच्या आईला म्हटलं, "वहिनी, सयाजी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, मी येते सोबत." त्यांना धास्ती एकच, कारेलीबागेतल्या मानसिक रुग्णालयात पोरीला ठेवून घेतील! अहो, बहुतेक मुलांना दाखल करावंच लागत नाही. समुपदेशन, गरज पडली तर औषध. आणि दाखल केलंच, तरी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस सतत जवळ हवं. हे घरोघरी कळायलाच हवं. ओपीडीचा धीर होत नसेल तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावा: फुकट, चोवीस तास, मराठीतही. ऑक्टोबर २०२२ पासून ही सोय आहे. बोर्डाच्या निकालाच्या आठवड्यात हा नंबर मी फळ्यावर लिहून ठेवते.