लोहगावची एक ओळ

मे महिन्यातल्या दुपारी कसबा पेठेत वळीव कोसळतो, तांबट आळीच्या पत्र्यांवर टपोरे थेंब वाजू लागतात आणि त्याच वेळी लोहगावच्या धावपट्टीवर कडक ऊन असू शकतं. पुणेकराला याचं नवल नाही. वैमानिकाच्या कागदावर मात्र या फरकालाही माप आहे. कसबा गणपतीपासून लोहगाव विमानतळ सरळ रेषेत साधारण ९-१० किलोमीटर. विमानतळापासून ८ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्याला हवामानाच्या अहवालात ‘आसपास’ समजतात आणि त्यासाठी ‘व्हीसी’ ही दोन अक्षरं लिहितात. कसब्यावरची सर लोहगावच्या अहवालात ‘व्हीसीएसएच’ होऊन येते ती अशी.

हा अहवाल म्हणजे मेटार. भारतात बहुतेक मोठ्या विमानतळांवर तो दर अर्ध्या तासाने निघतो. सगळं हवामान एका ओळीत मावतं. लोहगावची ओळ ‘व्हीएपीओ’ या खुणेने सुरू होते. पुढे ‘१४१०००झेड’ असेल तर तारीख १४, वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार १०, म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन. ‘२८०१२केटी’ म्हणजे वारा २८० अंशांकडून, जवळजवळ पश्चिमेकडून, १२ नॉट वेगाने येतो आहे. मग मीटरमध्ये दृश्यमानता, मग ढग. आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले पाच ते सात झाकलेले असतील तर ‘बीकेएन’. पुढचा आकडा शेकडा फुटांचा: ‘बीकेएन०१०’ म्हणजे ढगांचा तळ १,००० फुटांवर.

इथे नवशिक्याने थांबावं. हे १,००० फूट धावपट्टीपासून मोजलेले असतात. ओळीतला ‘क्यू’पुढचा हवेचा दाब उंचीमापकावर लावला की तो समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, आणि लोहगाव स्वतःच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. म्हणजे उतरताना ढगांतून बाहेर पडायची अपेक्षा २,९४० फुटांच्या आसपास धरायची. ही बेरीज डोक्यात पक्की बसलेली हवी.

तापमानाचा आकडाही वरवर वाचून चालत नाही. ४० अंशांच्या दुपारी लोहगावची हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी सुमारे साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी असते. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धाव लांब. हिवाळ्यात लक्ष त्याच्या शेजारच्या आकड्यावर, दवबिंदूवर ठेवायचं. पहाटे तापमान आणि दवबिंदू एकमेकांना भिडू लागले की धुक्याची शक्यता मनात धरायचीच.

या विद्येचं पुण्याशी नातं जुनं आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं; पण कसब्यातून नवा पूल ओलांडून शिवाजीनगरला गेलं की ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखली जाते.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक एकच: मेटारलाच अंदाज समजणं. मेटार झालेलं सांगतो. होणारं सांगतो तो टॅफ, आणि त्याची भाषा अटींची असते. ‘बीईसीएमजी’ म्हणजे हवा बदलेल आणि तशीच राहील. ‘टेम्पो’ म्हणजे तात्पुरता बदल: एका वेळी तासाभराच्या आत ओसरणारा, आणि एकूण मिळून दिलेल्या मुदतीच्या निम्म्याहून कमी काळ टिकणारा. ‘प्रॉब३०’ म्हणजे शक्यता ३० टक्के. टॅफमध्ये दुपारी साडेतीन ते साडेसात ‘टेम्पो’ गडगडाट आणि १,५०० मीटर दृश्यमानता असेल, तर समोरचा मेटार कितीही स्वच्छ असो, जाणता वैमानिक घिरट्या घालण्यापुरतं जादा इंधन घेतो आणि पर्यायी विमानतळाचाही टॅफ वाचतो.

त्यातही ‘सीबी’ ही अक्षरं दिसली की बाकी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी. हे गडगडाटी ढग. त्यांच्या पोटातून खाली आपटलेली थंड हवा पावसाच्या पुढे धावते आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा फिरवते. ‘व्हीसीएसएच’ लिहिलेली सर तेव्हा अजून दूरच असते. वारा १० नॉट किंवा अधिक असताना दिशा ६० अंशांनी बदलली, तर अर्ध्या तासाची वाट न पाहता ‘स्पेसी’ हा विशेष अहवाल काढावा लागतो. पश्चिमेच्या वाऱ्यावर भिस्त ठेवून २८ क्रमांकाच्या धावपट्टीकडे निघालेल्या वैमानिकाला तो मिळाला, की पाठीमागून येणारा वारा किती ते तपासायचं, आणि मर्यादेबाहेर असेल तर उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं.