रंकाळ्याचं पाणी हिरवं का होतं?

कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाताना काठाशी कधी हिरवा तवंग दिसतो. तो सूक्ष्म शेवाळाचा. नाल्यांतून येणारं सांडपाणी, निर्माल्य यांतला फॉस्फरस आणि नायट्रोजन त्याला युरियासारखा लागू पडतो. चार दिवस कडक ऊन मिळालं की ते तरारतं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं. मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणूही तोच ओढतात. म्हणून अशा तळ्यांत मासे बहुधा पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, कधी मरतातही.

कारंजी लावणं, जलपर्णी काढणं ही मलमपट्टी. नाले अडवायलाच हवेत. तरी हिरवेपणा लगेच जात नाही: तळाचा प्राणवायू संपला, की गाळात साठलेला जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो.