मूत्रपिंड आईचे, गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याची

२०२२ च्या पावसाळ्यात एक तरुण रुग्ण वाघोलीतील माझ्या दवाखान्यात आईबरोबर आला. आईनेच दिलेल्या मूत्रपिंडावर त्याची तीन वर्षे चांगली गेली होती. आता दोन दिवस ताप, खोकला. कोविडची तपासणी पॉझिटिव्ह. शेजाऱ्याने सुचवलेल्या गोळ्या घरी आल्या होत्या. "आजपासूनच सुरू करू ना, डॉक्टर?" असे माउलीने विचारले. पाकिटावर निर्माट्रेलविरच्या जोडीला रिटोनाविर हे नाव दिसले आणि मी ते पाकीट बाजूला ठेवले.

दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून असे बरेच रुग्ण टॅक्रोलिमस घेतात. आतड्यातील व यकृतातील एक एन्झाइम ते औषध मोडून निकालात काढते. रिटोनाविर नेमके त्यालाच अडवते. मुळात ते जोडीला घालतात तेच निर्माट्रेलविर रक्तात टिकावे म्हणून! पण मग टॅक्रोलिमसही साचते. डोस रोजचाच, रक्तातील प्रमाण मात्र कित्येक पटींनी वाढते. हात थरथरतात, डोके दुखते, उलट्या होतात आणि ज्या मूत्रपिंडासाठी औषध घ्यायचे, त्यालाच इजा पोहोचते. बरे, आपल्या मनाने टॅक्रोलिमस बंद करावे तर तेही धोक्याचे. रिटोनाविरचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. टॅक्रोलिमस वेळेवर पुन्हा सुरू झाले नाही, तर शरीर मूत्रपिंडावर उलटते.

खरे सांगायचे तर रिटोनाविर मला ठाऊक होते ते एचआयव्हीच्या उपचारांमुळे. बाकीचे मी प्रत्यारोपण-तज्ज्ञांना फोन करून विचारले. त्यांनी रेमडेसिविरची तीन दिवस शिरेतून इंजेक्शने दिली. त्याचे टॅक्रोलिमसशी असे वाकडे नाही.

प्रत्यारोपणानंतर पहिले काही महिने सायटोमेगॅलो विषाणूसाठी व्हॅलगॅन्सिक्लोविर देतात. सोबत मायकोफिनोलेट असले तर रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. तेव्हा सांगितलेल्या दिवशी सीबीसी कराच. गोळी परस्पर कमी करू नका.

आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांची रोजची औषधेही यातून सुटत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमस वाढवतात. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन ते घटवते. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके थेट मूत्रपिंडावर बेततात. पपनसही टाळावे. असे कोणतेही औषध सुरू करताना आणि थांबवतानाही प्रत्यारोपण-तज्ज्ञांना विचारावे व टॅक्रोलिमसची रक्तपातळी तपासावी.

तो मुलगा आता औषधांची यादी खिशात ठेवतो. परवा सर्दीसाठी आला, तेव्हा नाडी पाहण्याआधीच त्याच्या आईने ती माझ्यापुढे धरली.